नेत्रसंशोधनाच्या सामाईक प्रयोगशाळेतील ताईंस

आदरणीय ताई,

सविनय नमस्कार.

आपण निवृत्त झाल्याचे गेल्या महिन्यात कळले आणि जे पत्र मी काही वर्षांपूर्वीच लिहायला हवे होते, ते लिहायला आज बसले. ते खुले लिहिण्याचे कारण असे की, आपल्यासारख्यांच्या कामाची नोंद जिथे व्हायला हवी तिथे होत नाही. आमच्या शोधनिबंधाच्या शेवटी अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्या ‘पी ३०’ अनुदानाचा क्रमांक छापलेला आहे. त्या क्रमांकामागे आपण होतात, हे वाचणाऱ्याला कळण्याचा काही मार्ग नाही.

१९६८ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे हे अनुदान एखाद्या विशिष्ट प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी नसतेच. एका विद्यापीठात डोळ्यांवर काम करणारे अनेक गट असतील, तर त्या सर्वांना मिळून वापरता येतील अशा सोयींचा, म्हणजे ऊतींचे पातळ छेद (काप) घेण्याची प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक, हवी ती उपकरणे घडवून देणारे वर्कशॉप आणि ही सारी यंत्रणा चालवणारी जाणती माणसे, यांचा खर्च त्यातून भागतो. आम्ही त्याला नुसते ‘कोअर’ म्हणत असू.

मी पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी. नंतरची संशोधक, म्हणून पहिल्यांदा आपल्याकडे उंदरांचे डोळे घेऊन आले, तेव्हा आपण विचारलेत, “यात वरची बाजू कोणती?” माझ्याकडे उत्तर नव्हते. काढलेला डोळा म्हणजे एक लहानशी गोळी. काढण्यापूर्वी वरच्या कडेला खूण केली नाही, तर दृष्टिपटलाचा कोणता भाग कुठला हे नंतर खात्रीने सांगता येत नाही. “कापून देते, पण यांच्यावरून काही ठरवू नकोस,” एवढेच आपण म्हणालात. मराठीत म्हणालात, म्हणून ते लागले नाही आणि लक्षातही राहिले.

पुढच्या खेपेस खुणा केलेले डोळे आणले. आपण क्रायोस्टॅटवर, म्हणजे गोठवलेल्या ऊतीचे काप करणाऱ्या यंत्रावर, दहा-दहा मायक्रॉनचे छेद घेतलेत, आणि आमचा जनुक बंद केलेल्या उंदरांत प्रकाशग्राही पेशींच्या थराला पडलेल्या घड्या स्पष्ट दिसल्या. बाजारातून आणलेल्या निरोगी उंदरांत तसे काहीच नव्हते. आमच्या गटाला फार आनंद झाला, निबंधाचा मसुदाही सुरू झाला. स्लाइडच्या पेटीवर मात्र आपल्या अक्षरात चिठ्ठी होती : ‘आरडी ८ तपासले का?’

ते तपासलेले नव्हते. आमचे उंदीर ज्या मूळ पेशींपासून तयार झाले होते, त्या प्रयोगशाळेतील उंदरांच्या ‘६ एन’ या वंशाच्या होत्या, आणि त्या वंशात सीआरबी १ या जनुकातील डीएनएच्या एका अक्षराचा लोप, म्हणजेच आरडी ८, सर्रास आढळतो, हे नॅशनल आय इन्स्टिट्यूटच्याच संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले होते. त्यामुळे पडणाऱ्या घड्या प्रामुख्याने दृष्टिपटलाच्या खालच्या, नाकाकडील भागात असतात. आमच्याही तिथेच होत्या, आणि वरची बाजू माहीत नसती तर हे जुळलेही नसते. तुलनेसाठी आणलेले उंदीर ‘६ जे’ वंशाचे होते, म्हणजे ज्यात हा दोष मुळात नसतो. जनुकाच्या नावावर आम्ही जे मांडणार होतो, ते वंशाचे होते.

तो २०१२ चा निबंध मीही वाचलेला होता, तरी मला ते सुचले नाही. आपल्याला सुचले, कारण तशाच घड्या आपण आणखी दोन गटांच्या उंदरांत पाहिल्या होत्या आणि त्या गटांचे जनुक निराळे होते. एकाच प्रयोगशाळेत बसणाऱ्याला आपापलेच डोळे दिसतात. इमारतीतल्या सर्व गटांचे डोळे आपल्या हाताखालून जात होते. सामाईक सोय म्हणजे महागडे यंत्र वाटून घेणे, अशी माझी समजूत होती. आपल्यामुळे ती बदलली, कारण तिथे सर्वांच्या कामाची आठवण एका माणसापाशी साठत होती आणि कोणीही दार ठोठावले तरी ती मिळत होती.

वीण बदलून तो दोष काढून टाकण्यात जवळजवळ वर्ष गेले. त्या काळात मी किती निराश होते, हे आपण जवळून पाहिलेत. माझी नोंदणी नसलेल्या दिवशीही आपण मला सूक्ष्मदर्शकापाशी बसू दिलेत, आणि एकाच विणीतील भावंडांची तुलना कशी करायची, हे कागदावर उंदरांची वंशावळ काढून समजावलेत. अखेर घड्या नाहीशा झाल्या. उरला तो वयाबरोबर प्रकाशग्राही पेशींचा थर हळूहळू पातळ होण्याचा परिणाम, जो पहिल्याइतका लक्षवेधी नव्हता, परंतु खरा होता. तोच आम्ही प्रसिद्ध केला.

आता माझे विद्यार्थी डोळा काढण्यापूर्वी वरच्या कडेला खूण करतात, आणि नवे उंदीर आले की आधी आरडी ८ ची चाचणी होते. हे कोणी शिकवले, असे त्यांनी विचारले की मी आपले नाव सांगते. ती चिठ्ठी मी त्याच पेटीत ठेवली आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी