गालातल्या गाठीबद्दल, निखिलला

प्रिय निखिल,

तुझा मजकूर वाचला, फोटोही पाहिले. विशीतला मुलगा, डाव्या गालात लहानपणापासून मऊ गाठ, खाली वाकलं की फुगते, वरची कातडी किंचित निळसर. आणि शेवटी तुझं नेहमीचं: ‘सरळ सीटी अँजिओ सांगतो, एकदाच काय तो निकाल लागेल.’ फोन केला असता तर आपलं भांडण झालं असतं, म्हणून लिहायला बसलो.

सीटी अँजिओ, म्हणजे शिरेत औषध सोडून रक्तवाहिन्यांचा काढायचा सीटी, आत्ता नको. विनाकारण किरणं जातील, आणि ज्या गोष्टीसाठी तू ती सांगतोयस तीच त्यात नीट दिसणार नाही. मंद वाहणाऱ्या गाठीत धमन्या भरतात त्या वेळेला कॉन्ट्रास्ट, म्हणजे वाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून सोडलेलं औषध, पोचतच नाही. मग गाल आपला फुगीर दिसतो आणि रिपोर्टात ‘क्लिनिकली कोरिलेट करा’, म्हणजे पेशंट बघून तुम्हीच काय ते ठरवा, असं येतं. त्या वाक्याचा तुला किती राग आहे हे मला माहीत आहे.

चेहरा-मानेवरच्या अशा गाठीत मला आधी एकच गोष्ट हवी असते: आतलं रक्त धावतंय की साचून आहे. नाव, आकार, खोली हे सगळं त्यानंतर. १९८२ साली बॉस्टनच्या मुलिकन आणि ग्लोवाकी यांनी रक्तवाहिन्यांच्या गाठींच्या या पसाऱ्याची दोन घराण्यांत वाटणी केली. एकीकडे हिमॅन्जिओमा, ज्यात पेशी खरोखर वाढतात. तो बाळाच्या पहिल्या काही आठवड्यांत दिसू लागतो, सुरुवातीचे महिने झपाट्याने फोफावतो आणि मग वर्षानुवर्षं सावकाश ओसरतो. दुसरीकडे मालफॉर्मेशन, म्हणजे घडणीतच राहून गेलेला दोष. ती मुलाबरोबर वाढते आणि आपणहून कधीच जात नाही. इतकं स्वच्छ असूनही मोठ्या माणसांच्या रिपोर्टांवर अजून ‘कॅव्हर्नस हिमॅन्जिओमा’ छापून येतं, आणि पेशंट बिचारा ती गाठ विरघळायची वाट बघत बसतो. तुझ्या या पेशंटची गाठ बहुधा व्हीनस, म्हणजे शिरांची, मालफॉर्मेशन आहे. पण बहुधावर सुई घालायची नसते.

म्हणून आधी सोनोग्राफी. तू नाक मुरडशील, पण ऐक. वरवरच्या गाठीसाठी जास्त फ्रिक्वेन्सीचा लिनिअर प्रोब आणि भरपूर जेल लागतं, आणि हात पिसासारखा हलका. इथेच बहुतेकांचं बिघडतं. प्रोब जरा दाबला की सगळी गाठ चपटी होते, रक्त निघून जातं आणि पडद्यावर काहीच उरत नाही. मी आधी न टेकवल्यासारखा धरून बघतो, मग मुद्दाम दाबतो. दाबल्यावर पोकळ्या मिटल्या आणि सोडल्यावर हळूहळू भरल्या, की अर्धं काम झालं. मग पेशंटला तोंड-नाक बंद करून जोर लावायला सांगायचं, किंवा डोकं खाली करायला लावायचं. काळ्या पोकळ्या डोळ्यांदेखत मोठ्या होतात. कलर डॉपलरवर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, कधी क्षीणसा रंग उमटतो, कधी अजिबात नाही, कारण रक्त इतकं सावकाश चालतं की मशीनला ते थांबल्यासारखंच वाटतं. त्यासाठी मशीनचा वेगाचा स्केल खाली आणावा लागतो. मध्येच एखादा पांढरा ठिपका आणि त्याच्या मागे काळी सावली दिसली तर तो फ्लेबोलिथ, म्हणजे जुन्या गुठळीचा झालेला खडा. तो दिसला की माझी शंका जवळजवळ संपते. तुम्हा दातांच्या डॉक्टरांच्या ओपीजीवर, म्हणजे जबड्याच्या सबंध एक्स-रेवर, कधी गालाच्या भागात असे गोल खडे दिसले, तर लाळेच्या ग्रंथीचा खडा म्हणून सोडून देऊ नकोस.

याउलट प्रोब ठेवताक्षणी रंगांची दिवाळी झाली, धमनीत डायस्टोलमध्येही, म्हणजे हृदय सैल पडलेलं असतानाही, रक्त जोरात पुढे जात असलं आणि शिरेत धमनीसारखी ठेक्यातली लाट आली, तर ती एव्हीएम, म्हणजे धमनी-शिरेची मालफॉर्मेशन. तिथे धमनी आणि शीर यांच्यात केशवाहिन्यांचा थांबाच नसतो. एव्हीएममध्ये वेगळी अशी गाठ सापडत नाही, नुसतं वाहिन्यांचं जाळं असतं. वाढत्या हिमॅन्जिओमातही रक्त धावतं, पण त्यात मांसल गोळा स्पष्ट दिसतो. बाळाच्या कानापुढची गाठ बघताना हा फरक फार उपयोगी पडतो. लहान बाळांत पॅरोटिडची, म्हणजे कानापुढच्या लाळेच्या ग्रंथीची, सर्वांत जास्त दिसणारी गाठ हिमॅन्जिओमाच आहे, आणि ती कापायची नसते. २००८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी एका मुलाला स्टेरॉइडमुळे हृदयाचा त्रास झाला म्हणून प्रोप्रॅनोलॉल हे हृदयाचं औषध दिलं, तर दुसऱ्याच दिवशी नाकावरचा हिमॅन्जिओमा मऊ पडून त्याचा लालभडक रंग बदलू लागला. त्यानंतर या विषयातली कितीतरी ऑपरेशनं टळली. असा नशिबाने हाती लागलेला शोध मला नेहमीच जास्त आवडतो.

बाळांचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी ध्यानात ठेव, तुझ्याकडेही लोक विचारायला येतात. हनुवटी, खालचा ओठ, जबडा असा दाढीच्या जागी पसरलेला हिमॅन्जिओमा असेल तर श्वासनलिकेतही तो असू शकतो, मग आवाज घोगरा होण्याची वाट बघायची नाही. आणि चेहऱ्याचा मोठा पट्टा व्यापणारा, पाच सेंटीमीटरपेक्षा मोठा चट्टा असेल तर मेंदू, मान आणि महाधमनीची कमान यांचा एमआरआय-एमआरए (एमआरए म्हणजे रक्तवाहिन्यांचा एमआरआय), हृदयाचा इको आणि डोळ्यांची तपासणी करायची. अशा चट्ट्याबरोबर या अवयवांतले दोष आले की त्याला पीएचएसीई म्हणतात. त्यात मेंदूकडे जाणाऱ्या धमन्याच अरुंद किंवा वेड्यावाकड्या असू शकतात, आणि प्रोप्रॅनोलॉल सुरू करण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

आता एमआरआय. सोनोग्राफीला खोलवरचं दिसत नाही, हाडाआडचं तर नाहीच. गालातली गाठ मासेटरमध्ये, म्हणजे चावण्याच्या स्नायूत, शिरली आहे का, घशाच्या बाजूला गेली आहे का, जिभेच्या मुळापर्यंत आहे का, चेहरा हलवणाऱ्या फेशियल नर्व्हच्या वाटेवर आहे का, हे सगळं तिथेच कळतं. चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय फेस’ लिहू नकोस. चरबीची चमक दाबलेला टी-२ किंवा स्टर हा एमआरआयचा प्रकार हवाच. त्यात व्हीनस मालफॉर्मेशन दिव्यासारखी पांढरी उजळते. कॉन्ट्रास्टच्या आधीचा आणि नंतरचा टी-१ हवा, नंतरचा थोडा उशिरानेही. गाठीत कॉन्ट्रास्ट सावकाश, ठिपक्याठिपक्यांनी भरत गेलं तर ती शिरांची. नुसत्या पडद्या उजळल्या आणि मधलं पाणी तसंच राहिलं तर ती लसीकावाहिन्यांची; तिच्यात रक्तस्राव झाला असेल तर पाण्याचे दोन थर एकावर एक दिसतात. धावत्या रक्ताच्या वाहिन्या टी-२ वर काळ्या रिकाम्या नळ्यांसारख्या दिसतात. शंका असेल तर वेळेनुसार पुढे सरकणारी एमआर अँजिओग्राफी मागून घे. शीर धमनीबरोबरच भरली की गोष्ट उघड होते.

सीटीला मी कायमचं हाकललेलं नाही. जबड्याच्या हाडात एव्हीएम असेल तर ती लागते. तिथे तुम्हीच पहिले भेटता: दात हलतोय, हिरडीतून मधूनमधून रक्त, एक्स-रेवर साबणाच्या फेसासारखी पोकळी. तो दात उपटला की खुर्चीवरच पेशंट हातचा जाऊ शकतो. हे तुला मी शिकवायला नको, पण तुझ्या ज्युनिअर मुलांना दर वर्षी नव्याने सांग.

डीएसए, म्हणजे धमनीत नळी घालून करायची अँजिओग्राफी, निदानासाठी करायची नाही, उपचार करायचाच असेल तेव्हा करायची. एव्हीएमच्या गाभ्यात थेट मायक्रोकॅथेटर ही बारीक नळी नेऊन तो गाभा बुजवावा लागतो. एखाद्या उत्साही सर्जनने आधीच एक्स्टर्नल कॅरोटिड, म्हणजे चेहऱ्याकडे जाणारी मोठी धमनी, बांधून ठेवलेली असली की माझं डोकं फिरतं. चोर मागच्या दाराने ये-जा करतोय आणि यांनी पुढच्या दाराला कुलूप घालून किल्ली विहिरीत टाकलेली असते. नव्या वाटांनी रक्त येतच राहतं, आणि आमची आत जायची वाट मात्र गेलेली असते. शिवाय इथल्या वाटा साध्या नसतात. मिडल मेनिन्जिअल धमनीतून डोळ्याच्या धमनीत आणि ऑक्सिपिटल धमनीतून मेंदूकडे जाणाऱ्या व्हर्टिब्रलमध्ये गाभा बुजवायचा द्रव जाऊ शकतो. दृष्टी जाणं किंवा पक्षाघात होणं ही त्याची किंमत असते.

तुझ्या पेशंटला बहुधा स्क्लेरोथेरपी, म्हणजे गाठ आकसवणारं औषध सुईने आत सोडणं, पुरेल. सोनोग्राफी बघत बारीक सुई आत घालायची, मागे काळपट रक्त आलं की थोडं कॉन्ट्रास्ट सोडून फ्लुरोस्कोपीवर, म्हणजे चालू एक्स-रेवर, पाहायचं: तिथेच साचतंय की लगेच मोठ्या शिरेत पळतंय. पळत असेल तर मी सहायकाला ती वाट बोटाने दाबून धरायला सांगतो. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या शिरेवर तर माझं पूर्ण लक्ष असतं, कारण तिथून कॅव्हर्नस सायनस, म्हणजे मेंदूखालची शिरांची जागा, जवळ. अल्कोहोल जोरदार आहे, पण गालात फेशियल नर्व्हजवळ मी ते टाळतो. जीभ आणि घशाजवळ ब्लिओमायसिन मला बरं वाटतं, सूज कमी येते. मात्र एकूण डोस मोजत राहावा लागतो, फुप्फुसांना धोका असतो. आणि त्या मुलाला आधीच सांगून ठेव, एका बैठकीत काम होत नाही. गाठ पूर्ण जाईल असं मीही कबूल करणार नाही. फुगणं आणि दुखणं थांबावं, चेहरा बरा दिसावा, इतकं आपण धरून चालू.

तर असं कर. त्याला आधी सोनोग्राफीला पाठव, जुनी सगळी फिल्म बरोबर दे. एमआरआय मी बघून ठरवतो. रक्ताच्या तपासण्यांत डी-डायमर (गुठळ्या विरघळत असल्याची खूण) आणि फायब्रिनोजेन (गुठळी बांधणारं प्रथिन) सांग. मोठ्या शिरांच्या गाठीत आतल्या आत गुठळ्या होत राहतात, त्यामुळे पहिलं चढतं आणि दुसरं उतरतं; सुई घालायच्या आधी हे आकडे मला समोर हवेत. आणि तोवर कुणाला बायोप्सी घेऊ देऊ नकोस. तूही घेऊ नकोस.

तुझाच,
अजित