पंखा बंद करणाऱ्या तात्यांना

तात्या, साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्ही स्वतः वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुमचा मोबाइल फोन घेण्यापुरता आणि रात्री भजनं लावण्यापुरता. सूनबाई वाचून दाखवतील आणि तुम्ही मध्येच "पुरे गे, कामां पडली हत" म्हणून उठाल. म्हणून मुद्द्याचं आधीच सांगून टाकते. चतुर्थीच्या आधी आठ दिवस, भर दुपारी, तुम्ही तुमच्या गणपतीच्या शाळेतला, जिथे मूर्ती घडवता तिथला, पंखा बंद केलात. त्याबद्दल आभार.

आता बाकीचं. ऐकलंत तर ऐका.

भाचा जूनमध्ये आमच्याकडे कुडाळला राहायला आला. तेरा वर्षांचा. मुंबईतलं घर सुटलं, शाळा सुटली. का, ते इथे लिहीत नाही, आणि तुम्हीही एकदा म्हणून विचारलं नाहीत. सोबत दोन बॅगा आणि बुटांच्या खोक्यात कापसात गुंडाळलेला एक सैनिक. टेबलावर पट मांडून लढाई खेळतात, त्या खेळातला. तुमच्या करंगळीच्या दोन पेरांएवढाही नाही. अठ्ठावीस मिलीमीटर, हे त्या दुनियेतलं चालू माप, असं मला पहिल्याच रात्री जेवताना ऐकवण्यात आलं. वॉरहॅमर नावाचा खेळ इंग्लंडात १९८३ साली आला, तिथपासून पुढचा सगळा इतिहासही. सैन्य विकत मिळतं ते करड्या प्लास्टिकचं, हातपाय सुटे. जोडायचं आपण आणि रंगवायचंही आपणच. निम्मा खेळ त्या रंगवण्यातच असतो म्हणे.

हा सैनिक त्याने रंगवला होता. खाऊचे पैसे कितीतरी महिने साठवून घेतलेला, आणि पहिल्याच बैठकीत बाटलीतला रंग होता तसा जाड थापला. नाक, डोळे, मिशी, सगळं रंगाखाली गाडलं गेलं. त्यानंतर त्याने ब्रश हातात धरला नाही. मी नवीन ब्रश आणून दिले, तेही टेबलावर तसेच. एकदा म्हणाला, "आत्या, माझा हात थरथरतो." मी डॉक्टरकडे न्यायच्या विचारात होते. हात दुसऱ्या कशाने थरथरत नव्हता, तात्या. वहीत लिहिताना नाही, पेल्यात चहा ओतताना नाही.

मला एवढं कळलं की याला बिघडवायला काहीतरी स्वस्त हवं. आणि तेच कुठे मिळेना.

मुंबईतल्या एका दुकानाला फोन केला. समोरचा मुलगा फार गोड बोलला आणि नवशिक्यांसाठी म्हणून जो डबा सुचवला त्याची किंमत चार आकडी, रंग वेगळे, ब्रश वेगळे. म्हटलं, मुलाला नुसता सराव करायचाय, दोनचार वाईट निघालेले तुकडे असतील तर द्या. तो हसला. एका विक्रेत्याकडून ऑनलाइन सहा सैनिक मागवले, थ्री-डी प्रिंटरवर छापलेले, रेझिन नावाच्या ठिसूळ प्लास्टिकचे. सहापैकी चारांचे भाले आणि दोघांचे घोटे मोडलेले आले. तक्रार केली तर दर वेळी तेच एक ठरलेलं उत्तर, आमच्यासाठी तुमचं समाधान महत्त्वाचं आहे. चित्रकलेच्या एका क्लासमध्ये घेऊन गेले, तर सरांनी खोक्यातला सैनिक दोन बोटांत धरून उलटसुलट केला आणि मुलासमोरच म्हणाले, "बाहुल्या रंगवून एलिमेंटरीची परीक्षा पास होता येत नाही." भाच्याने सैनिक परत कापसात गुंडाळला. घरी येईपर्यंत रिक्षात एक शब्द नाही.

हार्डवेअरच्या दुकानातून मीच पांढऱ्या स्प्रेचा डबा आणला, अस्तर मारायला. भर आषाढात. हवेत इतका ओलावा की रंग बसला तो वाळूच्या कागदासारखा खरखरीत. हा दोष कुणाचाच नाही, माझ्या उत्साहाचा.

मग नागपंचमीच्या आधी तुमच्याकडे गणपतीचा पाट द्यायला आले. भाच्याला घेऊन आले ते पाट धरायला कुणीतरी हवं म्हणून, बाकी काही मनात नव्हतं. तुम्ही पाटाच्या खाली खडूने आमचं आडनाव लिहीत होतात आणि तो वर बघत होता. फळीवर, गणपतींच्या मागे, पंधरावीस मावळे उभे होते. उरलेल्या शाडूचे, साच्यातून काढलेले, कच्चे, रंग न दिलेले. वीतभरही नाहीत. हातात भाल्याऐवजी हिराची काडी खोचलेली. दिवाळीच्या किल्ल्यांसाठी तुमचा नातू पाडतो ते.

त्याने विचारलं, केवढ्याला? तुम्ही म्हणालात, "धा रुपये एक. मोडके फुकट."

दहा रुपये, तात्या. जूनपासून मी दारोदार फिरत होते आणि उत्तर आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर फळीवर धूळ खात उभं होतं. आम्ही सहा घेतले आणि तुम्ही मोडक्यांची टोपलीच पुढे केलीत. नाक गेलेले, ढाल तुटलेली, एकाला तर डोकंच नाही. भाचा त्या बिनडोक्याच्याच अंगरख्यावर पहिले चार दिवस बसला. बिघडवण्याची भीती नाही म्हटल्यावर हात बराच ठरला. पण चेहऱ्याशी आला की परत तेच. डोळा काढायचा म्हटलं की ब्रश खाली.

म्हणून त्या दुपारी मी त्याला तुमच्याकडे घेऊन आले. चुकीच्या दिवशी आले, हे दारातच समजलं. शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. लाइट पहाटेपासून गेलेले, नुकतेच आले होते, आणि तुम्ही सगळे ओल्या रंगाच्या मूर्ती पंख्याखाली सरकवत होतात. माझ्या तोंडावर आलं होतं, नंतर येतो. तेवढ्यात तुम्ही एक गणपती बाजूला सारलात आणि त्याला तुमच्याच घोंगडीवर बसवलंत.

बाटलीच्या टोपणावर शाडूचा गोळा दाबून त्यात मावळ्याचे पाय रोवलेत. म्हणजे धरायचं ते टोपण, मावळ्याला बोट लावायचं नाही. दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवायला लावलीत, कोपरं पाटावर. "श्वास सोड आणि मगे वड." भाच्याने ब्रश उचलला, मावळ्यापर्यंत नेला आणि रेघ उमटेचना. परत रंग घेतला, परत नाही. त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, झालं, आता हा उठणार.

तुम्ही वर पाहिलंत. मग सुनेला म्हणालात, "गे, पंखो बंद कर. ह्येचो रंग ब्रशारच सुकता."

आणि पंखा बंद झाला. पंचवीस-तीस ओले गणपती, आठ दिवसांवर चतुर्थी, सकाळभर लाइट नाहीत, आणि एका परक्या पोराच्या ब्रशच्या टोकावरचा थेंब सुकू नये म्हणून तुम्ही पंखा बंद केलात. कुणी काही बोललं नाही. तुमच्या सुनेने पदराने कपाळ पुसलं आणि पुढचा हात रंगवायला घेतला. तुमच्या पाठीवरून घाम ओघळत होता तो मला दिसत होता. अर्धा तास तरी गेला असेल. पत्र्यावर पाऊस वाजत होता, तेवढाच आवाज.

त्याने डोळा काढला. डावा बरा आला, उजवा कपाळाकडे निसटला. मावळा एकाच वेळी समोर आणि माडाच्या शेंड्याकडे बघत असल्यासारखा. तो पुसायला फडकं शोधू लागला, तर तुम्ही मावळा त्याच्या हातातून घेतलात, जरा लांब धरून पाहिलात आणि तुमच्या आखून झालेल्या गणपतींच्या रांगेत नेऊन ठेवलात. वाळायला. "बिघाडला तर बिघाडला. माती ती. भिजवलस की परत गोळो." मग म्हणालात, "पण ह्यो भिजवू नको. ह्येका र्‍हवांदे."

भाचा घरी येताना रस्ताभर बोलत होता. ब्रश फडक्याला जवळजवळ कोरडा पुसून दाढीवरून फिरवला की केस कसे उठून दिसतात, ते तुम्ही दाखवलंत. त्याच्या खेळातले लोक अगदी हेच करतात आणि त्याला ड्रायब्रश म्हणतात. सोवळ्याच्या चुण्यांत पातळ तपकिरी रंग सोडता, त्याचं तिकडचं नाव वॉश. "आत्या, तात्यांना हे सगळं आधीपासून येतं!" त्याला वाटत होतं, हे तिकडून इकडे आलं. मी काही बोलले नाही. तेरा वर्षांच्या मुलाला सगळं एकाच दिवशी सांगू नये.

मी विचार करते तात्या, त्या दुकानातल्या मुलाने काही वाईट केलं नव्हतं. तो त्याचं काम करत होता. क्लासच्या सरांनाही त्यांचा निकाल लावायचा असतो. पण तुमच्याही डोक्यावर काम होतं, त्या सगळ्यांपेक्षा जास्तच. आमच्याकडे लोक म्हणतात कोकणातला माणूस फणसासारखा, वरून काटे आणि आत गरे. मला हे ऐकून कंटाळा आलाय, आणि तुमच्यात काटे तरी कुठे दिसले? तुम्ही उपकार करतोय असा चेहराही केला नाहीत. कौतुकही केलं नाहीत. कौतुक केलं असतंत तर त्याला ते खोटं वाटलं असतं. निसटलेला डोळा त्याला दिसत होताच.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. दिवाळीला वाडीतल्या तीन किल्ल्यांवर त्याचे मावळे होते. शेजारच्या दोन मुली आता शनिवारी आमच्या पडवीत येऊन बसतात, मोडक्यांची टोपली संपत आली आहे. आंगणेवाडीच्या जत्रेत त्याने भराडीदेवीचं दर्शन उरकलं आणि खेळण्यांच्या दुकानांच्या रांगेत गडप झाला. परत आला तो हिरव्या प्लास्टिकच्या सैनिकांची पिशवी घेऊन. मऊ प्लास्टिक, आधी साबणाच्या पाण्याने धुवावं लागतं, नाहीतर रंग धरत नाही, हे मला त्यानेच शिकवलं. मावळ्याहून कितीतरी लहान चेहरे. एकेक डोळा म्हणजे नुसता ठिपका. काढतो तो.

गेल्या रविवारी त्याने बुटांचं खोकं काढलं. तो जुना सैनिक. ब्रश घेईल असं मला वाटलं, पण त्याने तो स्पिरिटमध्ये बुडवून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी जुन्या टूथब्रशने घासला. जाड रंगाचे पापुद्रे निघाले आणि खालून नाक आलं, मिशी आली. तो ओरडत स्वयंपाकघरात आला, माझे हात पिठात. अजून रंगवलेला नाही. घाई नाही म्हणतो.

तुमचा तो तिरळा मावळा आमच्या देव्हाऱ्याशेजारी आहे. भिजवलेला नाही.

यंदा पाट घेऊन आम्ही दोघं येऊ, नागपंचमीच्या आधीच. पाटाखाली नाव तो लिहिणार आहे, खडू तेवढा द्या. आणि त्याने तुम्हाला एक निरोप दिलाय. पंखा चालू ठेवा. ब्रशवर पाणी किती घ्यायचं ते त्याला आता कळतं.

तुमची,
शेवटच्या घराची आत्या