निर्णय माझा धरा

सांगली, गुरुवार

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की आईला रडू येतं आणि बाबा "बरं, बरं" म्हणून फोन ठेवतात, म्हणून लिहूनच पाठवते. बाबा, आईला सावकाश वाचून दाखवा आणि मधे थांबू नका.

संतोषला मिरजेत शॉक सुरू केले आहेत. डॉक्टर त्याला ईसीटी म्हणतात. सही मनीषाची आहे, पण निर्णय माझा धरा. तिला कुणी एक शब्द बोलायचा नाही. तुम्हाला आधी विचारलं असतं तर अक्काआत्याचा विषय निघाला असता आणि तिथंच सगळं थांबलं असतं. थांबायला वेळ नव्हता.

दिवाळीत तुम्ही पाहिलात त्याहून तो खूप खाली गेला होता. जेवण बंद, मग पाणीही बंद. "मला पोटच नाही, घास जाणार कुठं?" एवढंच म्हणायचा, पुढं तेही म्हणेना. शर्ट घालायला मी त्याचा हात वर केला, तर तो हात तसाच वर राहिला. मी खाली घेईपर्यंत. गोळ्या दोन प्रकारच्या झाल्या, पुरेसा डोस, पुरेसे आठवडे. इंजेक्शनने तासाभरापुरता बरा व्हायचा, की पुन्हा तेच. त्याआधी एका रात्री तो मनीषाशी जे बोलला ते इथं लिहीत नाही. असा माणूस खायचा थांबला, तर गोळ्या लागू पडायची वाट बघत बसता येत नाही. अशा वेळी ईसीटी सगळ्यांत लवकर गुण देते, हे मी दोन वेगवेगळ्या डॉक्टरांकडून ऐकून घेतलं, मगच हो म्हटलं.

बाबा, तुम्हाला सालं आणि कलमं लागतात. ही पद्धत 1938 साली रोममध्ये सुरू झाली. तेव्हा भूल नसायची, माणूस जागेपणी धरून ठेवायचे, झटक्याने हाडंसुद्धा मोडायची. अक्काआत्याच्या वेळी आपल्या घराने पाहिलं ते तसलंच. आता 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदीच आहे.

होतं असं. आदल्या रात्रीपासून पोट रिकामं ठेवतात. सकाळी सलाईनची सुई, भुलेचे डॉक्टर उशाशी, ऑक्सिजन. तो झोपला की दातांत रबराचा तुकडा देतात आणि डोक्याला काही सेकंद करंट. त्याने मेंदूत फीट येते, अर्धा-एक मिनिट. उपयोग त्या फीटचा असतो, विजेच्या मारामुळे माणूस वठणीवर येतो हा लोकांचा समज साफ चुकीचा आहे. अंग सैल असल्यामुळे फीट बाहेर दिसतसुद्धा नाही, म्हणून एका पायाला आधीच पट्टा आवळून ठेवतात, औषध त्या पावलात उतरू नये म्हणून. तेवढी बोटं थरथरतात आणि मशीनच्या कागदावर रेघा उठतात. आई, त्याला दुखत नाही. तो गाढ झोपेत असतो.

लपवून काही ठेवत नाही. उठल्यावर थोडा वेळ भांबावतो, डोकं आणि जबडा दुखतो. या आठवड्यांतलं बरंच तो विसरेल. त्यातलं बहुतेक परत येतं, थोडं कदाचित नाही येणार. त्याने फोनवर एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा विचारली, तर पुन्हा पुन्हा सांगायची, "अरे, आत्ताच नाही का सांगितलं" म्हणायचं नाही. साधारण सहा ते बारा वेळा द्यावे लागतात, आठवड्यातून दोन-तीनदा. नंतर गोळ्या चालूच ठेवायच्या, नाहीतर आजार उलटतो.

पहिला झाला. संध्याकाळी मी त्याचं तोंड पुसत होते, तर त्याने माझा हात बाजूला केला. आपणहून. डॉक्टर म्हणाले, एवढ्यात काही धरून चालू नका. मी धरलंय.

आई, तुझ्या लुगड्याची गोधडी त्याच्या अंगावर असते, सिस्टरांना सांगून ठेवलंय. अंगारा उशीखाली आहे. पेज मी घरून नेते, मीठ कमी आणि तूप जास्त, त्याला आवडते तशी. ओवी माझ्याकडे आहे, शाळा बुडलेली नाही. आणि रात्री त्याच्याजवळ मीच बसते. मला ताप आला की तू पट्ट्या बदलत बसायचीस, तेव्हा मी झोपेचं सोंग घ्यायचे, तू उठून जाऊ नयेस म्हणून. तुला कळत असेलच म्हणा.

आता ऐका. एवढ्यात यायचं नाही. वाईहून एसटीने इतका प्रवास, आईचे गुडघे आणि वर तो दवाखान्याचा जिना, नकोच. तुम्ही नको आहात असं नाही हो. तो बोलायला लागला की मीच गाडी पाठवते. बाबा, बीपीची गोळी सकाळी सातला, चहाबरोबर, विसरायची नाही. गणपती घाटावर फिरायला जा, पायऱ्या उतरू नका, शेवाळ असतं. आईने त्याच्यासाठी उपास धरले असतील तर सोडावेत. त्याला खायला लावायचं आणि तू उपाशी, हे मला चालणार नाही. भावकीत विचारलं तर सरळ सांगा, मिरजेत ॲडमिट आहे, उपचार चालू आहेत. मान खाली घालायचं कारण नाही.

वरच्या शेताला गिऱ्हाईक बघायचं नाही आणि सोसायटीत कर्जालाही जायचं नाही. पैशांचं आमचं बसलंय. फारच राहवत नसेल तर आईने मेतकूट करून द्यावं, शेजारचा प्रमोद शनिवारी सांगलीला येतोय, त्याच्याकडे. डबा घट्ट झाकणाचा द्या.

तुमची,
शैला