मावशीचा धवला दुसऱ्याच्या नावावर चढलाय, साहेब

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी वरळी कोळीवाड्यात राहतो, घराच्या माळ्यावर छोटा स्टुडिओ आहे, एक माईक, एक साउंड कार्ड, भिंतीला जुन्या गोधड्या. आजूबाजूची पोरं रॅप करतात, कुणी बाप्पाची गाणी करतं, कुणी कोळीगीतं. मी ती रेकॉर्ड करतो आणि ऑनलाइन चढवून देतो. हे पत्र एका धवल्यासाठी, म्हणजे लग्नाच्या विधीत गायच्या गाण्यासाठी, लिहितोय.

आमच्या गल्लीत एक मावशी आहेत, माहेर उरणकडचं, धवलारीण. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गायल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही हे तुम्हाला सांगायला नको. मांडवाचा वेगळा, हळदीचा वेगळा, सगळे तोंडपाठ, कुठे लिहिलेले नाहीत. मागच्या वर्षी त्यांचा नातू त्यांना माझ्याकडे घेऊन आला. मावशी माईकसमोर पाटावर बसल्या, ताटात तांदूळ आणि सुपारी ठेवली, दिवा लावला आणि मगच तोंड उघडलं. हेडफोन नको म्हणाल्या, स्वतःचाच आवाज कानात आला की पुढची ओळ पळते म्हणे. दोन दुपारींत दहा धवले झाले. अकरावा नातवाच्या फोनमधला होता, सहा वर्षांपूर्वी त्याच्या बहिणीच्या हळदीला मांडवात त्यानेच रेकॉर्ड केलेला, मागे बांगड्यांचा आवाज, मधेच कुणीतरी पाणी मागतंय, पण मावशींचा गळा त्या दिवशी असा लागलाय की तो परत गाऊन घ्यायची माझी हिंमतच झाली नाही.

आता हे चढवायचं कसं, तर स्पॉटिफाय किंवा ॲपल म्युझिक तुमच्या-माझ्याकडून थेट गाणं घेत नाही, मधे डिस्ट्रिब्युटर लागतो. ट्यूनकोर, डिस्ट्रोकिड, सीडी बेबी अशा कंपन्या आहेत, कुणी वर्षाची फी घेतं, कुणी कमाईतले टक्के कापतं. त्यांच्याकडे गाणं, कव्हर आणि नावं भरली की गाणं सगळीकडे जातं. ही सोय चांगलीच आहे, माझा या कंपन्यांवर राग नाहीये. पूर्वी कॅसेट कंपनीच्या दारात उभं राहायला लागायचं, आज कोळीवाड्यातला पोरगा घरात बसून गाणं जगभर पाठवतो.

आम्ही ज्या कंपनीकडून पाठवलं तिने तिसऱ्या दिवशी पूर्ण अल्बम अडवला. इंग्रजीत मेल, की अकरावा ट्रॅक आधीच दुसऱ्या कुणाच्या नावावर आहे, मूळ मालकाशी संपर्क करा. आम्ही शोधलं तर काय, घरच्यांनी हळदीची ती क्लिप व्हॉट्सॲपवर टाकली होती, ती फिरत फिरत कुणाच्या तरी हातात पडली, त्याने खाली बीट टाकला आणि स्वतःच्या लेबलने चढवून दिली. कलाकार तो, संगीतकार तो, गीतकारही तोच. मावशींचं नाव कुठेच नाही. आवाज मात्र त्यांचाच, बांगड्यासुद्धा त्याच.

या कंपन्यांची सिस्टिम गाण्याचा ऑडिओ फिंगरप्रिंट काढून जुळवते, म्हणजे आवाजाचा ठसा. मशीनला एवढंच कळतं की हा ठसा आधी कुणी दिला. जो आधी पोचला तो मालक, मागून आलेला चोर. नातवाकडे मूळ फाइल आहे, तारखेसकट, लग्नाची पत्रिका आहे, मांडवातले फोटो आहेत, आम्ही सगळं पाठवलं. चार वेळा पाठवलं आणि चारही वेळा तोच मेल परत आला, नाव नाही, फोन नंबर नाही, बोलायला माणूस नाही. शेवटी तो ट्रॅक काढला तेव्हा कुठे बाकीचे दहा लागले. मी मावशींना सांगायला गेलो तर म्हणाल्या, "दहा गेले ना वर, मग झालं. पण तोच माझ्या नातीच्या हळदीचा होता रे." मला पुढे काही बोलता आलं नाही.

साहेब, कायदा त्यांच्या बाजूने आहे. धवला परंपरेचा, तो कुणा एकाचा नाही, पण तो गाणारा गळा मावशींचा आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यातलं कलम ३८ गाणाऱ्याला ५० वर्षं हक्क देतं, त्याच्या परवानगीशिवाय रेकॉर्डिंग वापरता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी दोन गोष्टी आल्या, गाण्याचा धंद्यासाठी वापर झाला तर रॉयल्टीत गाणाऱ्याचा वाटा, आणि गाणाऱ्याचं नाव लावून घेण्याचा हक्क. नाव लावून घेण्याचा हक्क कायद्यात लिहिलाय, आणि धवलारणीला तो मिळवायचा असेल तर इंग्रजीत मेलवर भांडायचं, नाहीतर वकील करायचा. कुठून करणार?

आणि हा फक्त एका मावशींचा प्रश्न नाही. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ जणांचं अकाउंट त्यांच्या स्वतःच्या नावावर नसतं. स्टुडिओवाला चढवतो, बँक खातं त्याचं, ईमेल त्याचा, ओटीपी त्याच्याच फोनवर. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ अक्षरांचा कोड असतो, ते गाण्याचं आधार कार्ड समजा. कंपनी बदलायची असेल तर तोच कोड पुढे न्यावा लागतो, नाहीतर आधीचे प्लेज, म्हणजे गाणं किती वेळा ऐकलं गेलं तो आकडा, नव्याने चढवलेल्या गाण्याला जोडले जात नाहीत. कलाकाराला हा कोड माहीतच नसतो, स्टुडिओवाल्याशी भांडण झालं की गाणं तिकडेच अडकतं. मीसुद्धा पहिली दोन वर्षं पोरांना हे कोड लिहून देत नव्हतो, मला कळतच नव्हतं, आता प्रत्येकाला कागदावर लिहून देतो.

पैशाचंही सांगतो. २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला मागच्या १२ महिन्यांत १,००० प्लेज नाहीत त्याला काहीच मिळत नाही, मग लग्नाच्या सीझनपुरता वाजणारा धवला कुठे जाणार. अमेरिकन कंपनी असेल तर टॅक्सचा फॉर्म, तो नाही भरला तर तिकडच्या कमाईतले ३० टक्के कापतात, भरला तर भारताशी करार असल्यामुळे १५. रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थाही आहेत, गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस १९६९ पासून, गायकांसाठी इसरा (आता तिचं नाव इसामरा) २०१३ पासून, पण आमच्या गल्लीत ही दोन नावं मी सोडून कुणी ऐकलेली नाहीत.

तुम्ही म्हणाल कॉपीराइट दिल्लीचा विषय आहे. मान्य. पण धवलारीण तुमच्या खात्याची आहे. वयस्कर कलावंतांना सरकार महिन्याला मानधन देतं, ते चांगलंच आहे, ते बंद करू नका. माझं म्हणणं एवढंच की ज्या आवाजासाठी मानधन देता तो आवाज तिच्याच नावावर राहील याचीही सोय करा.

प्रभादेवीला पु. ल. देशपांडे कला अकादमी आहे. तिथे आठवड्यातले दोन दिवस एक टेबल लावा, दोन माणसं बसवा, एक डिस्ट्रिब्युशन कळणारा आणि एक कॉपीराइट कळणारा. कलाकार येईल, त्याचं अकाउंट त्याच्या पॅन आणि बँक खात्यावर उघडून द्या, कोड लिहून द्या, फॉर्म मराठीत समजावून सांगा. तक्रार असेल तर कंपनीला पत्र खात्याच्या लेटरहेडवर जाऊ दे. आमच्या मेलला मशीन उत्तर देतं, सरकारच्या पत्राला माणूस उत्तर देईल. २०२१ च्या आयटी नियमांत तक्रार अधिकारी नेमून ठरलेल्या मुदतीत तक्रार मिटवायचं बंधन घातलंय, ते गाणी वितरण करणाऱ्या कंपन्यांना स्पष्ट शब्दांत लागू करा असं केंद्राला तुम्ही कळवा. आणि धवले, गोंधळ, पोवाडे, भलरी जे जे लोकांच्या तोंडी आहे ते गाणाऱ्याच्या नावासकट, तारखेसकट रेकॉर्ड करून अकादमीत ठेवा, म्हणजे उद्या कुणी स्वतःला गीतकार म्हणवून घेतलं तर दाखवायला पुरावा राहील. रेकॉर्डिंगचं काम मी फुकट करायला तयार आहे, कोळीवाड्यातल्या बायकांना गोळा करायची जबाबदारीही माझी. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले होते साहेब, धवल्याची भाषापण तीच आहे.

तुळशीचं लग्न झालं की हळदी सुरू होतील. तो बीटवाला धवला परत डीजेवर वाजेल, आमच्याच गल्लीत, मावशींच्या दारासमोर. त्याच्या आधी पंधरा मिनिटं वेळ द्या. नातवाचा तो जुना फोन अजून चालू आहे, मूळ फाइल त्यातच आहे, मावशींना घेऊन मी मंत्रालयात येतो.

आपला,
वरळी कोळीवाड्यातला एक रेकॉर्डिस्ट