बाबांच्या झोपेबद्दल

तीर्थरूप बाबा आणि आई,
सा. नमस्कार.

झोपेची गोळी सुरू करायची का, असं आई फोनवर विचारत होती. थोडं थांबा. झोप हा माझ्या विभागातलाच विषय. गावात कुणी विचारलं, "पोरगी तिकडं काय शिकवायली?" तर सांगा, सवयी बदलून शरीराचे आजार आटोक्यात आणायचं शास्त्र. जुनाट निद्रानाशावर आधी गोळी नको, सीबीटी-आय नावाचा वर्तनोपचार करा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनं २०१६ सालीच सांगितलंय.

बाबा, तुम्ही साडेआठला बाजेवर पडता, पाचला उठता. झाले साडेआठ तास. त्यात झोप, आईच्या अंदाजानं, साडेपाच तास. म्हणजे ६५ टक्के. हवी ८५च्या पुढं. लवकर पडलं की जास्त झोप मिळेल, हा हिशोबच उलटा. उरलेले तीन तास कूस बदलण्यात जातात आणि बाज ही जागरणाची जागा आहे, हे डोक्यात पक्कं बसतं. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये सुचवलेला उपाय याच्यावरचाच: पेंग आल्याशिवाय पडायचं नाही, पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून ओसरीवर बसायचं, पेंग आली की परत. मोबाइल नको. घड्याळही बघू नका, वेळ अंदाजानंच धरा.

आधी दोन आठवडे नुसती नोंद. मग दर आठवड्याला अर्धा तास उशिरा पडा. उठायचं मात्र पाचलाच, रात्र कशीही गेली तरी. तरुणांचा अंथरुणातला वेळ आम्ही एकदम साडेपाच तासांवर आणतो. तुमच्या वयात, त्यात बीपीची गोळी, ते नको. झापड येऊन तोल जातो. ८५ टक्के गाठले की पंधरा मिनिटं लवकर पडायचं. सुरुवातीला दिवसा सुस्ती वाढते आणि काही जण तिथंच सोडून देतात. तेवढे दिवस मोटारसायकल नको. दुपारची डुलकी तीनच्या आत, अर्धा तासच. हरभऱ्याला रात्रीच्या लाइटवर पाणी द्यायची पाळी असेल, त्या आठवड्यात सुरूच करू नका.

आई, घोरता घोरता श्वास थांबून ते दचकतात का, ते बघ. तसं असेल तर हे सगळं बाजूला, आधी झोपेची तपासणी. आणि बीपीच्या औषधात लघवीची गोळी असून ती संध्याकाळी घेत असतील, तर सकाळी चालेल का हे डॉक्टरांना विचार. आपल्या मनानं बदलू नका.

नोंद कॅलेंडरवरच कर, दुधाच्या हिशोबाशेजारी: कधी पडले, कधी लागली, किती वेळा उठले, पहाटे कधी जाग आली. पंधरा दिवसांनी फोटो पाठव, टक्के मी काढते.

तुमची,
धाकटी