कापूस बाईच्या ओटीत असतो तेव्हा कायदा कुठे असतो?

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कापूस वेचणाऱ्या मजुरांसाठी माथाडीसारखं मंडळ

साहेब,

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात राहते. घरची चार एकर कोरडवाहू, सातबारा सासऱ्यांच्या नावावर. आमचा वेचा आटोपला की मी दुसऱ्यांच्या वावरात किलोच्या भावानं वेचायला जाते. म्हणजे सीतादहीच्या, पहिल्या वेच्याच्या पूजेच्या दिवशी मी मालकीण असते आणि महिनाभरानं मजूर. हे पत्र दोघींनी मिळून लिहिलंय असं समजा. दोघींचं दरवेळी पटतंच असं नाही.

कापूस म्हटला की सगळे कृषिमंत्र्यांकडे नाहीतर पणनमंत्र्यांकडे धावतात. मी तुमच्याकडे आले, कारण मला भावाबद्दल नाही, वेचणारीबद्दल बोलायचंय.

वेचा कसा असतो ते आधी सांगते. सकाळी एका ऑटोत पंधरा जणी कोंबून नेतात. दव उतरेपर्यंत थांबायचं, कारण ओला कापूस भरला तर व्यापारी नाक मुरडतो. मग कंबरेला ओटी बांधून ओळीला लागायचं. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, नखांच्या कडा सोलून निघतात. ओटी भरली की धुऱ्यावर जाऊन गाठोड्यात रिकामी करायची. कापूस चांगला फुटलेला असला तर सरावाची बाई दिवसाला चाळीस-पन्नास किलो काढते. जानेवारीत तीच बाई वीस किलोवर येते. पाठ तेवढीच दुखते, पैसे निम्मे.

भाव किलोचा, त्यामुळे दिवस किती तासांचा हे कोणी विचारत नाही. दर १४ एप्रिलला आमच्या गावात भाषण होतं, की बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात कामगार खातं सांभाळत होते तेव्हा आठ तासांचा दिवस आला. किमान वेतनाचं विधेयकही त्यांनीच १९४६ साली मांडलं. १९४८ ला कायदा झाला आणि शेतीचं काम त्याच्या परिशिष्टात आलं. भाषण ऐकून टाळ्या वाजवणाऱ्या बायांपैकी एकीनंही तो कायदा वजनकाट्यापाशी कधी पाहिलेला नाही.

काट्याचं निघालंच आहे तर माझंही सांगून टाकते. मागच्या हंगामात आमच्या वावरात आठ बाया होत्या. संध्याकाळी मी प्रत्येक गाठोड्यामागं अर्धा किलो कापला, कापडाचा आणि ओलीचा म्हणून. सगळेच कापतात. एक काकू एवढंच म्हणाल्या, "काऊन व, तुहाबी कापतेत अन् तूबी कापतं?" पंधरा दिवसांनी तिसऱ्याच्याच वावरात आम्ही दोघी शेजारी-शेजारी वेचत होतो. तिथं दोघींचाही अर्धा-अर्धा किलो गेला. काकू माझ्याकडे पाहून हसल्या. मला काही हसू आलं नाही.

आता हिशेब. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. आमच्याकडे वेचणी किलोला दहा रुपये गेली, म्हणजे क्विंटलला हजार. मालकीण म्हणून मला हे हजार जड जातात, खोटं कशाला बोलू? बियाणं, खत, फवारणीचं औषध यांचे पैसे दुकानदारानं कधीचेच वसूल केलेले असतात. गावात येऊन कापूस घेणारा खेडा खरेदीवाला हमीभावाच्या खाली मागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रानं कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क उठवलं आणि पुढं ती सूट ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. ऐन आमच्या वेच्याच्या दिवसांत. सूतगिरण्यांना स्वस्त माल मिळाला आणि आमच्या धुऱ्यावर भांडण लागलं, "किलोला आठच देईन, पटत असल तर या." शेतकऱ्याच्या हातात कमी करण्यासारखा एकच खर्च उरतो, बाईची मजुरी. मग पारावर सुरू होतं की राशनच्या फुकट तांदळानं मजूर आळशी झाले. साहेब, आळशी माणूस काट्याकुट्यातून पन्नास किलो कापूस काढत नाही. एका बोंडात कापूस चिमूटभरच निघतो, पन्नास किलो म्हणजे किती हजार बोंडं ते मोजून पाहा.

शेतकऱ्यानं मजुराचा खिसा चाचपायचा, मजुरानं शेतकऱ्याचा, आणि दोन्ही फाटके. ज्याच्या खिशाला अस्तर आहे तो या भांडणात दिसतच नाही. माझा समाजवाद म्हणाल तर तो एवढाच आहे, पुस्तकातून आलेला नाही.

महाराष्ट्रानं १९६९ साली माथाडी कायदा केला. हमाल आज या गाड्यावर, उद्या त्या दुकानात. त्याचा मालक कोण हे ठरत नव्हतं. कायद्यानं वाट काढली. काम देणाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरचा ठरावीक टक्का, मंडळाकडे भरायची, मंडळ त्यातून भविष्य निधी, औषधपाणी पाहणार. कापूस वेचणाऱ्या बाईचीही अडचण हीच आहे, एका हंगामात दहा मालक. तोच कापूस बाजार समितीच्या आवारात हमालाच्या पाठीवर चढला की त्याला कायदा लागू होतो. आमच्या ओटीत असताना होत नाही.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं महामंडळ आहे. तिथं कारखान्यानं टनामागे दहा रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारनं घालायचे. ऊस टनावर मोजतात, कापूस क्विंटलवर. यापलीकडे मला तरी फरक दिसत नाही. (ऊसवाल्यांचे आमदार जास्त आहेत, हा फरक मी धरत नाही.)

आमच्या मंडळासाठी क्विंटलमागे वीस रुपये धरा. साधारण पाच क्विंटल कापसाची, सरकी काढल्यावर, एक गाठ होते, म्हणजे गाठीमागे शंभर. हे पैसे शेतकऱ्याच्या दारात मागू नका, जिनिंगच्या, म्हणजे सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्याच्या, दारात मागा. विदर्भातला एकूण एक कापूस त्या दारातूनच जातो, घरात सरकी काढून कोणी गाठी बांधत नाही. आणि हे नवीनही नाही. इंग्रजांनी १९२३ साली कायदा करून गाठीवर उपकर बसवला होता, कापसाचं बियाणं आणि धागा सुधारायला. धाग्यासाठी शंभर वर्षांपूर्वी जमलं ते बोटांसाठी का जमू नये?

जिनिंगवाला हे वीस रुपये शेतकऱ्याच्याच भावातून कापेल, ही भीती मलाही आहे. म्हणून सुरुवात भारतीय कापूस महामंडळाच्या (सीसीआय) हमीभावाच्या केंद्रांपासून करा. तिथं भाव ठरलेला असतो, त्यातून कापता येत नाही. २०२५ पासून तिथं विकायला शेतकऱ्याची नोंद ॲपवर होते, कोणाचा किती कापूस आला ते सरकारला दिसतं. केंद्र सरकारचं महामंडळ आहे, तुम्हाला भांडावं लागेल. भांडा.

दुसरी भीती बोगस नोंदणीची. बांधकाम कामगारांच्या मंडळाचं आम्ही पाहिलंय. विटेला हात न लावलेल्यांच्या घरीही भांड्यांच्या पेट्या पोचल्या आणि खरा गवंडी नव्वद दिवस काम केल्याच्या दाखल्यासाठी फिरतोय. आम्हाला पेटी नको. वेचणाऱ्या बायांची यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. कोण वावरात जातं आणि कोण नाही, हे गावात लपत नाही.

पैसा आला की पहिला खर्च अपघाताचा करा. शेतकरी अपघाताची योजना आहे, दोन लाखांची, पण ती खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एकाला. कापसाच्या पऱ्हाटीत साप निघाला तर तो सातबारा पाहून चावत नाही. २०१७ साली याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसवर माणसं गेली, त्यात दुसऱ्याच्या वावरात फवारणारे मजूरही होते. आमच्या बायांकडे असंघटित कामगारांच्या नोंदणीची ई-श्रम कार्डं आहेत, लॅमिनेशन करून ठेवलेली. त्यावर बारा आकडी नंबर आहे. त्या नंबरानं आजवर काय मिळालं, हे तुमच्याच खात्यानं एकदा गावात येऊन सांगावं.

तुम्ही स्वतः आलात तर नोव्हेंबरच्या शेवटी या, तेव्हा पऱ्हाटी पांढरी असते. सकाळी फोटोला येऊ नका, संध्याकाळी काटा लागतो तेव्हा या. यंदा आमच्या वावरात मी गाठोड्याचं कापड आधीच वजन करून ठेवलंय. पावणेतीनशे ग्रॅम भरलं.

आपली,
एक शेतकरीण आणि कापूस वेचणारी
ता. दारव्हा, जि. यवतमाळ