मिस्त्रीकाका, तुमची पोलो ट्रॅकवरून घरी आली

ती. स्व. काकांना,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र पाकिटात घालून कोल्हापूरला पाठवता आलं असतं. सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे, त्याला कारण आहे. चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर, म्हणजे मोटारींच्या शर्यतीच्या ट्रॅकवर, माझी रोजची फोक्सवॅगन पोलो चालवली आणि तीच चालवत पुण्याला परत आले, हे कळल्यापासून ऑफिसात आणि सोसायटीत सगळे एकच विचारतात, “गाडीत काय काय करून घेतलंस?” मी सांगते: ब्रेक ऑइल बदललं, पुढच्या ब्रेकचे पॅड बदलले, मागच्या ब्रेकचे ड्रम उघडून साफ केले, टायर आणि बोल्ट तपासले. समोरचा वाट बघत राहतो, की खरी यादी आता येईल. ती येत नाही, कारण ती नाहीच. म्हणून तुम्ही काय केलंत ते सविस्तर लिहावं आणि आभारही सगळ्यांदेखत मानावेत, असं वाटलं.

तुमच्याकडे येण्याआधी पुण्यात एका ठिकाणी चौकशी केली होती. तिथे पहिल्या पाच मिनिटांत रिमॅप (ताकद वाढवायला इंजिनाच्या संगणकाचं सेटिंग बदलणं), इंजिनात हवा घेणारा मोठा इनटेक, आवाजाचा एक्झॉस्ट असा सगळा खर्च कागदावर आला. बोलणं चाललं होतं माझ्या नवऱ्याशी. गाडी माझी, चालवणार मी, प्रश्नही मीच विचारत होते. उत्तरं मात्र त्याच्याकडे बघून येत होती. उद्यमनगरात तुमच्या शेडमध्ये आलो तेव्हा तुम्ही चावी माझ्याकडून मागितलीत, मला शेजारी बसवलंत आणि हायवेला एक चक्कर मारून आलात. परत आल्यावर म्हणालात, “पळतीय चांगली. थांबती कशी ते बघू आता.” नवऱ्याला चहा सांगितलात आणि मला चाकाजवळ बोलावलंत. या एका गोष्टीसाठीही मी हे पत्र लिहिलं असतं.

माझी गाडी 1.0 टीएसआय, सहा गिअरची मॅन्युअल. 110 पीएस आणि 175 न्यूटन मीटर टॉर्क. ट्रॅकवर येणाऱ्या गाड्यांत ही ताकद फार नव्हे, पण तुमचं म्हणणं होतं की पहिल्यांदा जाणाऱ्याला एवढी पुरून उरते. कमी पडतात ते ब्रेक. मी मान डोलावली, तरी खरं समजलं ते तुम्ही खडूने फरशीवर हिशेब मांडलात तेव्हा. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. माणसासकट साधारण बाराशे किलोची गाडी ताशी 160 वरून 80 वर आणायची म्हणजे तिच्यातली तीन चतुर्थांश ऊर्जा काही सेकंदांत उष्णता होऊन ब्रेकमध्ये जाते. तेवढ्या उष्णतेत अडीच लिटर पाणी उकळतं. शहरात असं महिन्यातून एकदाही होत नाही. ट्रॅकवर प्रत्येक फेरीत होतं, आणि मधे गार व्हायला उसंत नसते.

मग तुम्ही ब्रेक ऑइलची टाकी उघडून आतला काळपट तपकिरी रंग दाखवलात. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणून गाडी कितीही कमी चालली तरी साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं, हे मला माहीतच नव्हतं असं नाही. पण का, ते कोणी सांगितलं नव्हतं. डॉट 4 या प्रतीचं नवं ऑइल निदान 230 अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की तीच हमी 155 अंशांवर येते. एकदा उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पाय खाली जातो तो जातच राहतो. “पेडल मऊ लागलं तर ऑइल उकळलं समज. पेडल दगडासारखं घट्ट, पण गाडी थांबंना, तर पॅड तापलं समज. दोन्ही वेळेला दामटायचं नाय, गार करायला सोडायचं.” हे वाक्य तुम्ही मला परत म्हणायला लावलंत. ट्रॅकवर एका फेरीत तापलेल्या पॅडचा उग्र वास नाकात शिरला, तेव्हा घाबरायला झालं नाही. वास कशाचा आणि आता काय करायचं, दोन्ही ठाऊक होतं. पुढची फेरी सावकाश काढली आणि पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे, आले.

पॅडच्या बाबतीत तुम्ही जी अक्कल लढवलीत ती इथे मुद्दाम लिहिते, कारण यात पुष्कळजण फसतात. पूर्ण रेसिंगचे पॅड तुमच्याकडे मिळत होते. तुम्ही ते मला दिले नाहीत. ते तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत, आणि माझ्या गाडीला सोमवारी सकाळी कोथरूडच्या पहिल्या सिग्नलला थंड पॅडवरच थांबायचं असतं. दोन्हीकडे चालतील असे मधले पॅड बसवलेत, आणि कोल्हापूरहून निघाल्यावर मोकळा रस्ता बघून ते डिस्कवर घासून रुळवायलाही शिकवलंत: ऐंशीवरून तीसपर्यंत मध्यम दाबाने, पूर्ण न थांबता, मधे गार होऊ देत, पुन्हा पुन्हा. स्वस्त काम सांगून महाग काम टाळणारा मिस्त्री मी पहिल्यांदा बघितला.

विम्याचंही तुम्हीच सांगितलंत. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी हे वापर वगळलेले असतात. पॉलिसी काढून वाचली, तसंच लिहिलेलं होतं. म्हणजे ट्रॅकवर जे काही होईल ते आपल्या खिशातून, हे धरूनच निघायचं. किती वेगात जायचं हे ठरवायला याचा मला फार उपयोग झाला.

आणि मग तुम्ही स्वतः बरोबर आलात. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू, वेल्लोर आणि थेट इरुंगट्टुकोट्टै, जिथे हे सर्किट आहे. सगळा प्रवास एकाच महामार्गाचा, 48 क्रमांकाचा. पुण्यापासून अकराशे किलोमीटरच्या वर. दावणगेऱ्याला लोणी डोसा खाल्ला, चित्रदुर्गाच्या पुढे पवनचक्क्या लागल्या आणि तुम्हाला चेन्नईजवळचं शर्यतींचं जुनं ठिकाण, शोलावरम, आठवलं. तुम्ही विशीत कोल्हापूरच्या मोटारसायकलवाल्यांबरोबर हत्यारांची पेटी घेऊन तिथे जायचात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ती धावपट्टी, टी अक्षराच्या आकाराची, तिच्यावर देशभरातून गाड्या यायच्या. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने पुढे इरुंगट्टुकोट्टैला कायमचा ट्रॅक बांधला. तो 1990 च्या सुमारास सुरू झाला आणि शोलावरमच्या शर्यती थांबल्या. तुम्ही नवा ट्रॅक कधी बघितलाच नव्हता. माझ्या गाडीच्या निमित्ताने तो तुम्हाला बघायला मिळाला, याचा मला फार आनंद आहे. कोल्हापूरला मोटारींचं वेड काही नवं नाही. ध्रुव मोहितेसारखी मुलं तिथूनच राष्ट्रीय शर्यतींत गेली. पण त्या वेडामागे पाना धरून उभे असलेले हात कोणाचे, ते मला या प्रवासात कळलं.

ट्रॅकवरची सकाळ मला तपशीलवार आठवते. तुम्ही डिकी रिकामी केलीत, स्टेपनी आणि जॅक काढून पिटमध्ये ठेवलेत, ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट काढलीत, दारातल्या पाण्याच्या बाटल्या काढल्यात. डॅशबोर्डवरचा गणपती हळूच सोडवलात, स्वच्छ रुमालात गुंडाळलात आणि स्वतःच्या खिशात ठेवलात. पुढच्या बंपरमध्ये टो हुक, म्हणजे बंद पडलेली गाडी ओढायचा हुक, लावलात. मग टॉर्क पाना माझ्या हातात दिलात. चाकाचे बोल्ट 120 न्यूटन मीटरला, एकासमोरचा एक असे घट्ट करायचे, पाना ‘टक्’ म्हणाला की थांबायचं, वर जोर करायचा नाही. चारही चाकं माझ्याकडून करून घेतलीत. आजूबाजूला मोठ्या गाड्यांची मंडळी होती, काही बघत होती. तुम्ही एकदाही “दे इकडं, मी करतो” म्हणाला नाहीत.

टायरच्या कडेला खडूच्या रेघा मारल्यात, तेव्हा मला वाटलं हे ओळखीसाठी असेल. पहिल्या सत्रानंतर त्या रेघा कुठपर्यंत पुसल्या गेल्या ते बघून तुम्ही सांगितलंत, की वळणात टायर किती कलंडतो आहे. हवाही तेव्हाच मोजायची, तापलेली असताना; कारण थंड टायरमधली हवा सत्रात सहा-आठ पीएसआयने सहज चढते. वाढलेली काढलीत, आणि संध्याकाळी महामार्गाला लागण्याआधी पुन्हा भरून घ्यायची आठवणही तुम्हीच केलीत.

सर्किट 3.717 किलोमीटरचं, बारा वळणांचं. आयोजकांनी आधी नियम सांगितले: पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक नाही, निळा म्हणजे मागे वेगवान गाडी आहे, लाल म्हणजे सत्र थांबलं, काळा दाखवला तर पिटमध्ये या. ओव्हरटेक फक्त सरळ रस्त्यावर, तेही पुढच्याने हाताने बाजू दाखवली तरच. शेजारी बसलेले प्रशिक्षक तमिळ आणि इंग्रजी मिसळून बोलत होते, त्यांनी वळणांतून गाडी न्यायची रेषा फार छान दाखवली, त्यांचेही आभार. पण खरी शिकवणी दोन सत्रांच्या मधे पिटच्या भिंतीपाशी झाली. तुम्ही गाडी बघत नव्हतात, ऐकत होतात. “सरळीच्या शेवटाला ब्रेक दाबतीस ते बरोबर, पर सोडतीस एकदम. पाय हळू उचल, नाक खाली ऱ्हाऊ दे, मग वळीव.” आणि टायरच्या आवाजाबद्दल: बारीक कुरकुर चांगली, किंचाळी वाईट. किंचाळायला लागला की स्टिअरिंग आणखी वळवायचं नाही, उलट थोडं सैल सोडायचं आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलका करायचा. पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी अशी सरळ जायला लागली की हात आपोआप जास्त वळतो. त्या हाताला आवरायला शिकणं हाच माझा त्या दिवसाचा अभ्यास होता.

दुपारनंतर एका फेरीत ते जमलं. मुख्य सरळीच्या टोकाचं ते मोठं उजवं वळण, सी-वन, म्हणजे ट्रॅकचं पहिलं वळण. दीडशेच्या वर काटा, ब्रेक एकदा नीट, पाय सावकाश वर, नजर वळणाच्या पार पलीकडे. आणि गाडी अशी वळली की चारही टायर एकाच सुरात कुरकुरत होते. ही तीच गाडी, जिच्यात मी भाजी आणते, आईला डॉक्टरकडे नेते आणि रोज कर्वे रोडच्या गर्दीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अडकते. तिच्यात हे सगळं पहिल्या दिवसापासून होतं. मी ते कधी बघितलं नसतं. पिटमध्ये आले तेव्हा तुम्ही नुसते हसलात आणि म्हणालात, “आवाज आला.”

प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक न तापवता काढायची, आत आल्यावर लगेच इंजिन बंद करायचं नाही, हँडब्रेक ओढायचा नाही. मागचे ड्रम तापलेले असतात. ते गार होऊन आकसले की लायनरवर आवळून बसतात. गाडी पहिल्या गिअरमध्ये, चाकाखाली लाकडी गुटका, बॉनेट उघडं. माझं सत्र नसतानाही तुम्ही उन्हात गाडीजवळच थांबलात आणि शेजारच्या एका कॉलेजच्या मुलाच्या स्विफ्टलाही असाच गुटका लावून दिलात. ना त्याला तुमचं नाव माहीत, ना तुम्हाला त्याचं. तो संध्याकाळी तुम्हाला शोधत आला होता. तुम्ही तेव्हा हात धुवायला गेला होतात. त्याने नंतर कळवलेला निरोप द्यायचा राहिला होता, तो इथे देते: त्याची गाडीही नीट घरी पोहोचली.

परतीच्या वाटेवर एक बदल माझा मलाच जाणवला. कर्नाटकातला सहापदरी रस्ता समोर मोकळा होता आणि मला ऐंशी-नव्वदच्या पुढे जावंसंच वाटत नव्हतं. पूर्वी कोणी मागून दिवे मारले की माझा पाय खाली जायचा. आता ताशी शंभरवरून थांबायला किती रस्ता लागतो ते पायाला कळलं आहे, त्यामुळे पुढच्या ट्रकपासून अंतर आपोआप राहतं. खंबाटकी घाट उतरताना नवरा म्हणाला, “तुझ्या शेजारी झोप लागली मला.” त्याला माझ्या गाडीत कधी झोप लागत नसे.

पैशांचं तुमच्याशी बोलणं अवघड, म्हणून इथे बोलते. मजुरी घेतलीत ती फक्त शेडमधल्या कामाची. प्रवासाचे दिवस, ट्रॅकवरचा दिवस, याचं विचारलं तर “मला शोलावरमच्या पुढचं बघायचं हुतं” म्हणून विषय संपवलात. तुमचा रोजगार बुडाला, शेडला कुलूप होतं, काकू एकट्या होत्या. हे सगळं मला ठाऊक आहे आणि मी ते विसरणार नाही. तुमच्या हाताखालच्या पोराला टॉर्क पाना घ्यायचा आहे असं तुम्ही बोलता बोलता म्हणाला होतात. तो मी घेतला आहे. नको म्हणू नका. तुम्हाला नाही, त्याला देते आहे.

पॅड अजून अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत, डिस्कवर ओरखडे नाहीत, पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कड मात्र जरा जास्त झिजली आहे. ट्रॅकवर उजवी वळणं जास्त, त्यामुळे असेल. तरी अलाइनमेंट एकदा तुमच्या डोळ्यांखालून जावी. ब्रेक ऑइल पुन्हा बदलायचं का, तेही ठरवू. दिवाळीआधी येते. गणपती तुमच्या रुमालासकट परत डॅशबोर्डवर बसवला आहे, रुमाल धुऊन आणते.

काकूंना नमस्कार. पोराला आशीर्वाद.

आपली नम्र,
पोलोवाली, कोथरूड